विमान आलं की आईला धरायचं असतं

हे प्रकरण आईच्या विमानाच्या भीतीचं असलं तरी माझ्याकडे मानसोपचारासाठी आलं ते मुलीमुळे. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. घर सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला, विमानतळापासून फार लांब नाही. विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून ती घरभर आईला शोधायची आणि सापडली की कमरेला घट्ट मिठी मारायची. शाळेत आई नसायची, तर बाकाखाली जाऊन बसायची. वर्गशिक्षिकेनं विचारलं, ‘घाबरतेस का गं विमानाला?’ त्यावर ती म्हणाली, ‘नाही. विमान आलं की आईला धरायचं असतं. आज आई इथं नाही.’ बाईंना हे उत्तर खटकलं आणि त्यांनी आईला माझ्याकडे पाठवलं. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अचूक निदान त्या शिक्षिकेच्या कानांनी केलं.

आईच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईला मी ताई म्हणत होते, इथंही तेच म्हणते. मुलीला घरात छकुली म्हणतात.

पार्श्वभूमी

सोलापुरात डोक्यावरून विमान जाणं ही अलीकडची गोष्ट. त्याआधीचा चिमणीचा वाद सगळ्यांना माहीत आहे. विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची ती उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, आणि आजही विमानतळाचा विषय निघाला की गप्पा तिच्यावर येतातच. गोव्याची नियमित सेवा सुरू झाली ९ जून २०२५ ला. आमच्या गल्लीतली पोरं ते विमान बघायला गच्चीवर चढली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातलीही माणसं होती. म्हणजे ज्या आठवड्यात गाव विमानाचं कौतुक करत होतं, त्याच आठवड्यात घरोघरीच्या मोबाइलवर ते दृश्य पुन्हा पुन्हा चाललं. ताईंनी ते किती वेळा बघितलं असेल त्याची गणती नाही. छकुली मांडीवर असतानाही बघितलं.

ताई चौतीस वर्षांच्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. नवरा दुबईत नोकरीला, घरात सासू-सासरे. मे महिन्याच्या सुट्टीत मायलेकींनी दुबईला जायचं ठरलं होतं. तिकिटं निघाली होती. ‘छकुलीला ताप आहे’ म्हणून ताईंनी ती रद्द करायला लावली. ताप नव्हता. हे त्यांनी मला दुसऱ्या भेटीत, दाराकडे बघत सांगितलं. आता नवरा नाताळच्या सुट्टीचं विचारत होता आणि त्याच्या आवाजात थोडा रुसवा येऊ लागला होता. गणपती उठल्यावर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा हातात साधारण तीन महिने होते.

त्यांचा पहिला वाईट प्रवास लग्नाआधीचा. जुलै महिना, पुणे ते दिल्ली. ढगात विमान हादरायला लागलं आणि शेजारच्या बाई मोठ्यानं रामरक्षा म्हणू लागल्या. ताई घाबरल्या, पण त्यानंतरही कामासाठी विमानानं गेल्या. बिघडलं ते छकुली झाल्यावर. ती वर्षाची असताना बंगळूरला घरचं लग्न होतं. विमान उतरताना तिच्या कानांत दडे बसले आणि ती किंचाळायला लागली. ताईंचा श्वास कोंडला, बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी लेकराला छातीशी इतकं आवळलं की ते आणखी रडायला लागलं. लोक वळून बघत होते. परतीचं तिकीट वाया घालवून त्या रेल्वेनं आल्या आणि तेव्हापासून विमान बंद.

मूल झाल्यावर विमानाची भीती सुरू होणं किंवा वाढणं यात विशेष काही नाही. जीव आता एकटीचा राहिलेला नसतो. पण भीती नेमकी कशाची, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कुणाला बंद जागेचा त्रास असतो, कुणाला उंचीचा, कुणाला दुसऱ्याच्या हाती सुकाणू देण्याचा. ताई लिफ्टनं जातात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर गाढ झोपतात. विमान पडण्याची भीती तर होतीच, पण तिच्याखाली दुसरी होती. ‘मरायचं काय ओ मॅडम, ते कुणाला चुकलंय. पण मी मधेच वेड्यासारखं करायला लागले तर छकुलीला कोण बघायचं?’ लेकीसमोर आपला ताबा सुटेल, ही खरी भीती. थायरॉईड आणि रक्तदाब त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले, दोन्ही ठीक. चहा मात्र बेसुमार होता, तो कमी करायला सांगितला.

आकडे पटतात, पोटाला पटत नाहीत

नवऱ्यानं आपल्या परीनं उपाय केले होते. विमानप्रवास रस्त्यापेक्षा किती सुरक्षित, याचे लेख तो पाठवायचा. ते खोटं नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या ज्या ६५ नंबरच्या महामार्गावर ताई खिडकीला डोकं टेकून निवांत झोपतात, तोही याच हिशेबात येतो. पण ताई हिशेबाच्याच माणूस. त्या म्हणाल्या, ‘आकडे पटतात. पोटाला पटत नाहीत.’ शिवाय प्रत्येक लेखानंतर तासभर बरं वाटायचं आणि मग पुढचा लेख लागायचा. सासूबाईंचं सांत्वन त्यापेक्षा टिकाऊ होतं: ‘एसटीत बसल्यावर काय अमरपट्टा मिळतोय होय?’ ते ऐकून ताई हसायच्या तरी.

मी आकडेवारी पहिल्याच टप्प्यात बंद केली. नवऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलले. ‘काही होत नाही गं’ हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणता, असं विचारलं, तर तो गप्प झाला. सांत्वन मागणं आणि मिळणं या दोघांचा एक फेरा तयार झाला होता आणि त्यातून भीती पोसली जात होती. ठरलं असं, की ताईंनी विचारलं तर त्यानं एवढंच म्हणायचं: ‘हा भीतीचा प्रश्न आहे, उत्तर देत नाही. जेवलीस का?’ त्याला हे निष्ठुर वाटलं. पंधरवड्यानं मात्र त्याचाच निरोप आला, की कॉलवर आता दुसरं काहीतरी बोलणं होतं.

चेहरा आणि हात

लहान मूल अनोळखी परिस्थितीत आईच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतं, हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. १९८५ साली सोर्स, एम्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना एका जाड काचेवर ठेवलं. काचेखाली मध्येच फूटभर खोल कडा दिसेल अशी रचना होती. खोली मुद्दाम अशी ठेवली होती की जावं की न जावं हे बाळाला स्वतःहून ठरवता येऊ नये. पलीकडे आई. आई आनंदी चेहऱ्यानं उभी होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं कडा ओलांडून गेली. आईनं भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

हा प्रयोग सांगून आयांना अपराधी वाटायला लावणं फार सोपं आहे, आणि त्यावरून ‘मुलांसमोर हसत राहा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मान्य नाही. सहा वर्षांचं मूल म्हणजे वर्षाचं बाळ नव्हे. ताई विमानाचा आवाज आला की हसायच्याच. ‘ते बघ छकुली, विमान!’ म्हणायच्या आणि त्याच वेळी तिला जवळ ओढून दंड धरायच्या. मूल तोंड बघत होतं आणि हातही अनुभवत होतं. दोन्हींचा मेळ बसेना, तेव्हा तिनं हाताचं खरं मानलं. आणि तिनं काढलेला निष्कर्ष ‘विमान भयंकर आहे’ हा नव्हताच. ‘विमान आलं की आईला माझी गरज लागते’, हा होता. म्हणून शाळेत आई नसली की तिची तारांबळ. ड्युटीची वेळ झाली आणि जिथं असायला हवं तिथं आपण नाही!

इथं उपचाराचं उद्दिष्ट बदललं. ताई आल्या होत्या ‘भीती घालवा’ म्हणून. मी म्हटलं, नाताळपर्यंत भीती पूर्ण जाईल असं वचन देत नाही, आणि दुबईला जायला त्याची गरजही नाही. छकुलीला मात्र या नोकरीतून मोकळं करायचं.

आधार काढून घेणं

भीती असलेला माणूस तिच्याभोवती छोटे छोटे आधार उभे करतो. ते त्या क्षणी उपयोगी पडतात, आणि ‘आधार होता म्हणून निभावलं’ ही समजूत पक्की करून जातात. ताईंचे आधार आम्ही कागदावर उतरवले. विमानांची जागा दाखवणारं ॲप त्या रोज उघडायच्या आणि ज्यात ओळखीचं कुणी नाही अशी विमानंही सुखरूप उतरेपर्यंत बघत बसायच्या. हवामान तपासायच्या. अपघातांचे व्हिडिओ ‘माहिती म्हणून’ बघायच्या. मात्र सगळ्यात मोठा आधार छकुली स्वतः होती. आणि ‘तुला भीती वाटते का गं?’ हा प्रश्न. तो काळजीचा वाटतो, पण ताई तो स्वतःला भीती वाटली की लेकीला विचारायच्या. मूल म्हणायचं ‘नाही’, आणि धीर आईला मिळायचा.

ॲप काढून टाकलं. व्हिडिओ बंद. तो प्रश्नही बंद. लेकीनं आपणहून विचारलं तरच बोलायचं. लेकीला धरायचं नाही असं मी सांगितलं नाही, तसं कुणी सांगूही नये. हात मोकळा, तळवा वर, छकुलीला धरायचा असेल तर तिनं धरावा, एवढा नियम केला. हा सगळ्यात अवघड गेला.

नामस्मरणाचं काय, हा प्रश्न ताईंनीच काढला. अक्कलकोट चाळीस किलोमीटरवर. स्वामींचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. काही सहकारी याही गोष्टीला आधार म्हणून हात घालतील. मी घातला नाही, पण एक फरक त्यांच्यापुढं ठेवला. मन स्थिर व्हावं म्हणून नाव घेणं वेगळं, आणि जप तुटला तर विमान पडेल म्हणून श्वास न सोडता पुटपुटत राहणं वेगळं. पहिलं ठेवा, दुसरं सोडा. त्या लगेच म्हणाल्या, ‘दुसरं म्हणजे विमान मीच चालवल्यासारखं झालं की.’ याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

गोळीबद्दल थोडं. ओळखीच्या कुणीतरी चिंता कमी करणारी एक गोळी सुचवली होती. अल्प्राझोलामसारखी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि ती लिहून देणं माझं काम नाही; मनोविकारतज्ज्ञांनी तपासून दिलेल्या औषधाच्या विरोधात मी कधी बोलत नाही. पण विल्हेल्म आणि रॉथ यांचा १९९७ चा अभ्यास याबाबत बोलका आहे. विमानाची भीती असलेल्या स्त्रियांना पहिल्या उड्डाणात अल्प्राझोलामनं बरं वाटलं. आठवड्यानं औषधाशिवाय झालेल्या उड्डाणात मात्र त्यांच्यातल्या अधिक जणींना तीव्र घबराट झाली. गुंगीत केलेल्या प्रवासातून मेंदू फारसं काही शिकत नाही. आणि एकटी आई सोबत मूल घेऊन निघाली असताना तिनं पेंगत बसणं बरं नव्हे. शेजारणीनं तर छकुलीलाच सर्दीचं औषध पाजायला सांगितलं होतं, ‘झोपून जाईल’ म्हणून. हे कुणीही करू नये. काही मुलं त्या औषधांनी झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि झोप आणण्यासाठी मुलाला औषध देणं मुळातच चूक आहे.

सराव

भीतीच्या पायऱ्या लावून एकेक चढायची पद्धत जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या सुमारास मांडली. भीतीला ० ते १०० गुण द्यायची सवयही त्यांचीच. आज आम्ही ती थोडी वेगळी वापरतो. प्रत्येक पायरीवर शांत व्हायचा हट्ट धरत नाही. काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, याचा ताळा घ्यायला सांगतो. हिशेबाच्या माणसाला ताळा आवडला. त्यांनी वहीला दोन रकाने आखले.

पहिले काही दिवस विमानाचं नावही नव्हतं. जिने पळत चढून छाती धडधडू द्यायची, फिरत्या खुर्चीत गरगरून घ्यायचं, बारीक नळीतून श्वास घ्यायचा. धडधड, गरगर, गुदमर ही लक्षणं आली तरी वेड लागत नाही, हे शरीराला कळावं म्हणून. मग एसटी. अक्कलकोटच्या बसमध्ये मागच्या चाकावरच्या सीटवर बसायचं, पुढचा दांडा धरायचा नाही, पाय सैल. खड्ड्यांची सोय आपल्याकडे आहेच. हादऱ्यात शरीर ताठ केलं की हादरा जास्त लागतो, हे ताईंना तिथं कळलं.

त्यानंतर आवाज. उड्डाणाच्या आवाजांचं ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकायचं आणि प्रत्येक आवाज कशाचा ते मी सांगायचं. चाकं पोटात जातात तेव्हा खालून धडका बसल्यासारखा आवाज येतो. पंखांच्या मागच्या पट्ट्या हलतात तेव्हा घरघर. आणि ताईंना सगळ्यात भीती ज्याची, तो क्षण: उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिनांचा आवाज कमी होतो आणि आपण खाली जातोय असं वाटतं. विमान तेव्हाही वरच चढत असतं. फक्त इंजिनांचा जोर कमी केल्यामुळे चढण्याचा वेग घटतो, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय त्या बदलाला ‘पडणं’ समजतं. ही माहिती मी दिली, कारण ती सांत्वनाची नव्हती. ‘असं वाटेल’ हे आधीच सांगणारी होती.

मग होटगी रोडला विमानतळाच्या बाहेर उभं राहून विमान उतरताना बघणं. पहिल्यांदा ताई एकट्या, नंतर छकुलीसह. ताईंचे गुण ७० वर गेले, तळवा वर राहिला. छकुलीनं मिठी मारली, थोड्या वेळानं सोडली आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे बोट दाखवलं. ताईंनी वहीत उजव्या रकान्यात लिहिलं: रस पिला.

छकुलीशी काय बोलायचं

यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. ‘आई, विमान पडतं का?’ हा प्रश्न येणार हे नक्की होतं. जूनमधलं दृश्य तिनं बघितलं होतं. ‘नाही पडत’ म्हणणं खोटं, आणि तिला ते खोटं आहे हे माहीत. ताईंनी ठरवलेलं उत्तर असं: ‘कधीतरी पडतं. फार क्वचित. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी निघायच्या आधी माणसं विमान तपासतात, आणि चालवायला दोन पायलट असतात.’ बस्स. याच्यापुढं आपणहून काही सांगायचं नाही, तिनं विचारलं तर तेवढंच.

दुसरा प्रश्न अवघड. ‘तुला भीती वाटते?’ ताईंचा आग्रह होता की नाही म्हणावं. मी म्हटलं, तिनं तुमचा हात पाच वर्षं धरलाय, तिला विचारायची गरजसुद्धा नाही. शेवटी ताई स्वतःच एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिच्याशी बोलल्या: ‘मला विमानात पोटात गोळा येतो. तो थोड्या वेळानं जातो. मला काय करायचं ते मॅडमनी शिकवलंय, ते मी करते. तू मला धरायची गरज नाही. तुला धरावंसं वाटलं तर धर.’ छकुलीनं विचारलं, ‘मग मी काय करू?’ ताईंना उत्तर सुचेना. आजी म्हणाली, ‘खिडकीतून बग की.’

तोंडावर लावायच्या ऑक्सिजनच्या मास्कवरून मात्र खडाजंगी झाली. आधी स्वतःला, मग मुलाला, हा नियम ताईंना आईपणाला काळिमा वाटत होता. त्यामागचं कारण साधं आहे. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर माणूस भानावर राहून हातपाय हलवू शकतो तो वेळ अर्ध्या ते एका मिनिटाचा. मुलाचा मास्क बसवता बसवता आईच बेशुद्ध पडली तर दोघंही अडकतात. आई शुद्धीवर असली तर काही सेकंद उशिरानं मास्क लागलेलं मूल सावरतं. कागदी पेल्याला रबर लावून घरी दोघींनी तालीम केली. छकुलीला हा खेळ फार आवडला. तिनं आजोबांनाही पेला बांधला.

गोवा

दिवाळीनंतर सरावाचं उड्डाण ठरलं: सोलापूर ते गोवा, एक रात्र राहून परत. विमान छोटं, पंख्यांचं, एटीआर. दोन-दोन सीटच्या रांगा, म्हणजे मायलेकींशेजारी तिसरं कुणी नाही. हे विमान मोठ्या जेटपेक्षा कमी उंचीवरून उडतं, त्यामुळे हवेचे हेलकावे जरा जास्त जाणवतात. ‘सरावाला तर सौम्य विमान हवं,’ ताई म्हणाल्या. मला उलट ते हेलकावेच हवे होते, पण त्यांना मी तसं म्हटलं नाही.

काही व्यावहारिक गोष्टी आधीच उरकल्या. दोघींचं तिकीट एकाच बुकिंगवर. बारा वर्षांखालच्या मुलाला सोबतच्या पालकाशेजारी सीट द्यावी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे, तरीही सीट आधी बघून घेतलेली बरी. चढतानाच केबिन क्रूला एका वाक्यात सांगायचं: ‘मला विमानाची भीती वाटते, सोबत लेक आहे.’ कान दुखू नयेत म्हणून विमान उतरायला लागलं की छकुलीनं घोट घोट पाणी प्यायचं. चढताना होतो त्याहून त्रास उतरताना जास्त होतो आणि झोपलेलं मूल फारसं गिळत नाही, म्हणून त्या वेळी जागं ठेवायचं. बंगळूरला हेच झालं नव्हतं.

जाताना अपेक्षेपेक्षा बरं गेलं. इंजिनाचा आवाज कमी झाला तेव्हा ताईंचे गुण ९० वर गेले, त्यांनी डोळे उघडे ठेवून लांब उच्छ्वास सोडले आणि मिनिटागणिक आकडा वहीत लिहिला. ९०, ९०, ८०, ८५, ६०. छकुली खिडकीला नाक लावून होती. तिनं एकदाही आईकडे वळून बघितलं नाही, आणि ताईंना त्याचं थोडं वाईट वाटलं. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. लेकीला आपली काळजी वाटणं ही गोष्ट इतकी वर्षं त्रासाची होती, तशी ऊबेचीही होती.

परतीचं उड्डाण वाईट गेलं. घाटावर हेलकावे सुरू झाले, पट्ट्याचा दिवा लागला आणि ताईंचा हात आपोआप छकुलीच्या दंडावर गेला. छकुली म्हणाली, ‘आई, दुखतंय.’ ताईंनी हात काढला, ‘पोटात गोळा आला म्हणून धरलं. आता सोडलं,’ असं म्हणाल्या आणि हात मांडीवर, तळवा वर करून ठेवला. रडू आलं, तेही येऊ दिलं. त्यांना ज्याची पाच वर्षं धास्ती होती ते जवळजवळ सगळं तिथं घडलं: घाम, मुंग्या, रडणं, लेकीदेखत. छकुलीनं थोडा वेळ बघितलं, रुमाल दिला आणि क्रूकडून आणखी एक बिस्किट मिळेल का म्हणून विचारलं.

सोलापूरला उतरल्यावर ताईंनी मला फोन केला तो ‘सगळं फसलं’ म्हणून. मी वही काढायला लावली. डावीकडे लिहिलं होतं: वेडं होईन, छकुलीला कुणी बघणार नाही. उजवीकडे काय लिहायचं, असं विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘रडले. छकुलीनं बिस्किट खाल्लं.’ माझ्या मते उपयोगाचं उड्डाण परतीचंच होतं. जाताना सगळं निर्विघ्न झालं असतं आणि येतानाही तसंच, तर ‘या वेळी नशीब चांगलं होतं’ एवढंच हाती लागलं असतं.

दुबई आणि त्यानंतर

नाताळच्या सुट्टीत दोघी हैदराबादमार्गे दुबईला गेल्या. चार तासांचं उड्डाण. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सामानाच्या बॅगेत. ताईंचे सगळ्यात जास्त गुण ६५, बराचसा वेळ ३० च्या आसपास. जेवण मागून घेतलं, पूर्वी तोंडात घासही जात नसे. मधे एकदा ॲप परत उतरवलं होतं, निघायच्या आदल्या रात्री. नवऱ्याला ते कळलं तेव्हा त्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि ताई त्याच्यावर चिडल्या. छकुलीचं बाकाखाली बसणं त्याआधीच, गोव्याहून आल्यावर काही आठवड्यांत थांबलं होतं. वर्गशिक्षिकेला ती म्हणाली, ‘आईला तिचं तिचं येतं आता.’

भीती संपलेली नाही. ताई अजून खिडकीजवळ बसत नाहीत, आणि पावसाळ्यात उड्डाण करायचं म्हटलं की आवाज बदलतो. वर्षातून दोनदा तरी उडायचं, मध्ये मोठा खंड पडू द्यायचा नाही, असं ठरलं आहे. टाळत राहिलं तर भीती पुन्हा घर करते. सासऱ्यांनी मात्र जाहीर केलं आहे की ते विमानात बसणार नाहीत, आणि त्यांना माझ्याकडे यायचंही नाही.

सध्या मायलेकी येतात त्या वेगळ्याच कारणानं. दुबईहून परतल्यापासून छकुली रात्री उठून बाबांना शोधते. इतके दिवस बाबा पडद्यावर होते, तेव्हा हा त्रास नव्हता. यावर काम नुकतंच सुरू केलं आहे, आणि यात विमानाचा काही संबंध नाही.